चार नंबरची बाटली

दिनकरभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. खरं सांगते, खाली येऊन आधी चिकाखालचा गॅस बंद केला आणि मगच रडायला बसले. या वयाला तेवढं भान येतं. तरुणपणी असतं तर आधी हंबरडा फोडला असता, मग चीक करपल्याबद्दल सगळ्या घरादाराला शिव्या दिल्या असत्या.

आठच दिवसांपूर्वी त्यांना दवाखान्यात भेटून आले होते. नाकात नळी, छाती भात्यासारखी वरखाली. मी विचारलं, "भावजी, कसं वाटतंय?" तर म्हणाले, "एकदम ठणठणीत, वैनी. परवा घरी." मी खुर्ची पुढं ओढली आणि कानाशी जाऊन म्हटलं, "चार नंबर?" ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि मग हळूच हाताची चार बोटं वर केली. नर्सबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, पेशंटला काहीतरी हवंय. पेशंटला काही नको होतं… पेशंट कबूल करत होता.

आमच्या घरात 'चार नंबर' म्हणजे गोड वाटावं म्हणून सांगितलेलं खोटं. या शब्दाची जन्मदात्री मी.

दिनकर माझे धाकटे दीर. सिरसाळ्याला त्यांचं मोटारसायकलचं गॅरेज होतं, आणि डोक्यात कायमची शर्यत. त्या वर्षी एका कंपनीनं (नाव घेत नाही, त्यांचीही नातवंडं असतील) खडबडीत रानात, उड्या मारत पळवायची नवी गाडी काढली, मोटोक्रॉसची. बीडच्या डीलरनं ती भावजींच्या हाती दिली आणि सांगितलं, पळव, कंपनीचं नाव काढ. भावजींनी नाव काढलं, पण खालून. तीन शर्यती झाल्या, तिन्हीत आमची गाडी शेवटची. दुसऱ्या कंपनीच्या गाड्या हरणासारख्या पुढं जायच्या आणि आमचे भावजी त्यांची धूळ खात मागून यायचे. चहाच्या टपरीवर लोक म्हणायला लागले, "दिनकरला गाडी दुरुस्त करता येती, हाकता न्हाई येत." डीलरनं तर स्पष्टच बजावलं, की उन्हाळ्याच्या शेवटच्या शर्यतीत पुन्हा हेच झालं तर गाडी परत, आणि कंपनीला कळवणार की गाडी चांगली आहे, माणूस कुचकामी आहे.

भावजींना तेच लागलं. गाडी जाण्याचं नव्हे हो, त्या एका वाक्याचं. कारण त्यांनाही रात्रंदिवस तीच शंका खात होती.

मी तेव्हा पस्तिशीची, गावच्या दूध संस्थेची सचिव आणि भलतीच शहाणी. गाडी मागं का पडते याची माझ्याकडं एकाला तीन उत्तरं तयार होती. पहिलं, दृष्ट. म्हणून मी हँडलला लिंबू-मिरच्या आणि बिब्बा बांधला. तो पहिल्याच उडीला उडून भावजींच्या डोळ्यावर बसला. दुसरं, भावजी भाकरी फार खातात. तिसरं, गाडीचा पिवळा रंग आमच्या घराला धार्जिणा नाही. ही तिसरी सूचना मी कंपनीला पत्रानं कळवणार होते. 'विनंती विशेष' एवढं लिहूनही झालं होतं!

दुष्काळ असा की गावाच्या तळ्याचा तळ उघडा पडलेला. काळी माती भेगाळून दगडासारखी झालेली. काठावर जनावरांची छावणी, टँकर आठवड्याला एकदा, आणि संस्थेत दूध इतकं कमी की सकाळी तासाभरात माझं काम संपायचं. शर्यती त्याच तळ्यात व्हायच्या. एक दिवस भावजी संस्थेत येऊन बसले. मी कॅनच्या दुधाचं फॅट काढत होते, ते कमी लागलं, म्हणून मी एकेका सभासदाची नमुना बाटली तपासायला घेतली.

"ह्ये कावून करता, वैनी? कॅनमधी पाणी हाय, कळलं ना."

"हाय ते कळलं. कुणाचं हाय ते न्हाई कळलं. सगळ्या गावाला चोर म्हणू का? एकेक बाटली बघितली की बरोबर घरच सापडतं."

भावजी ताडकन उठले. म्हणाले, "वैनी! पळण्याच्या बी बाटल्या करायच्या!"

आणि केल्या की! तळ्यातल्या वाटेचे आम्ही पाच तुकडे पाडले. दर तुकड्याला दोन झेंड्या, त्यांच्यामध्ये संस्थेची एक बाई, हातात नवऱ्याचं लग्नातलं घड्याळ. झेंडी ते झेंडी किती सेकंद लागले ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी नंबराच्या नमुना बाटलीत टाकायची. पूर्ण फेरीची वेळ घ्यायला सुरुवातीच्या रेघेवर माझी जाऊ सुमन, भावजींची बायको. तिच्या हाती तिच्या वडलांनी दिलेलं घड्याळ. गेवराईच्या एका मित्राकडून भावजींनी दुसऱ्या कंपनीची गाडी एका दिवसासाठी आणली. दोन्ही गाड्या तेच चालवणार, म्हणजे माणूस एकच. फरक पडला तर तो गाडीचा. काय ती सकाळ! छावणीतली जनावरंसुद्धा चघळायची थांबली होती. पदर खोचून, डोळे घड्याळात घालून बसलेल्या बाया, तळ्याच्या मधोमध धुळीचा लोट, आणि त्यातून आमचे भावजी…

मी चार नंबरला. बांधावरून उडी मारून गाडी खाली ढेकळांत पडते, ती जागा. भावजी आमच्या पिवळ्या गाडीवर बांधावरून असे उडाले की माझा आ वासला. घड्याळ बघायचंच राहिलं. ते कधीच पुढं निघून गेले होते. मग मी काय केलं? दुसऱ्या गाडीचा आकडा घेतला आणि आमच्या गाडीच्या नावावर तोच लिहिला. वाटलं, भावजी इतके छान उडालेत, मागं पडले असं कशाला लिहायचं! दुधात पाणी घालणाऱ्या सभासदांना चव्हाट्यावर उभं करणारी मी, आणि माझ्याच चिठ्ठीत…

दुपारी भावजींनी बाटल्या ओतल्या. दोन्ही गाड्यांत पूर्ण फेरीला चार सेकंदांचा फरक, पण पाचही तुकड्यांचा फरक मिळून सेकंदभरसुद्धा भरेना. म्हणजे कॅन एक बोलतो, बाटल्या दुसरंच. माझ्यावर त्यांचा देवासारखा विश्वास, म्हणून संशय गेला सुमनच्या घड्याळावर. "तुज्या बापाचं घड्याळच मागं पडतंय," असं म्हणून त्यांनी ते खोलायला घेतलं. सुमनचा चेहरा पाहवेना. वडील दोन वर्षांपूर्वीच गेले होते, माहेरची तेवढीच खूण. ती पोर स्क्रू ठेवायला वाटी धरून उभी राहिली. मी घरात जाऊन पीठ मळायला घेतलं. पीठ एवढं मळलं, एवढं मळलं की भाकरी थापायच्या लायकीचं राहिलं नाही. शेवटी तसेच पिठाचे हात घेऊन बाहेर आले.

"भावजी, घड्याळ बरोबर हाय. चार नंबरचा आकडा मी पदरचा घातलाय."

माझी अपेक्षा होती की ओरडतील. ओरडले नाहीत. एकेक स्क्रू परत बसवला, घड्याळाची काच सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि ते सुमनच्या हातात दिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या परत. आन् चारवर दुसरं कुणी न्हाई. तुमीच."

मी म्हटलं, "नको भावजी, माझा भरवसा न्हाई." तर म्हणाले, "म्हणूनच."

सुमनची मात्र जीभ सुटली. "जाऊबाई, उद्या तिकडं तोंड करून बसा. फटफटीचा आवाज आला की नुसते काटे बघा, माझा नवरा बघू नका!"

दुसऱ्या दिवशी मी नवरा बघितला नाही कुणाचाच. काटे बघितले, आणि कान दिला. दुसरी गाडी बांधावरून पडली की एक धप्प आवाज यायचा आणि लगेच इंजिन रेस धरायचं. आमची पडायची ती धप्प, धप, धप… मागचं चाक तीनदा उसळायचं, आणि ते जमिनीला टेकेपर्यंत भावजींना रेस देताच यायची नाही. एकट्या चार नंबरला तीन सेकंदांचा फरक! पाण्याचं घर सापडलं! मी चिठ्ठी घेऊन तळ्यातून पळत सुटले. पायातली एक चप्पल भेगेत अडकून तिथंच राहिली, ती आजतागायत तिथंच आहे. पुढं पावसानं तळं भरलं ना.

आता पत्र लिहिलं ते खरं पत्र, रंगाबिंगाचं नाही. महिन्याभरात कंपनीचे एक चष्मेवाले इंजिनियर जीपमधून आले. ते म्हणाले, "आम्हाला वाटतं ताकद कमी पडते. दरवर्षी इंजिनाचा जोर वाढवतोय." भावजी म्हणाले, "सायेब, जोर लावायला चाक तर जमिनीवर पायजे. वाऱ्यात किती बी फिरवा." इंजिनियर चार नंबरला माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतः बघितलं. डोकं खाजवत म्हणाले, "पण आमच्या मैदानावर असं कधीच उसळत नाही."

मी विचारलं, "तुमचं मैदान कसं असतंय?"

"मऊ. धूळ उडू नये म्हणून रोज सकाळी टँकरनं पाणी मारतो ना."

छावणीतल्या बाया ते ऐकून एकदम हसत सुटल्या. रोज! टँकर! मातीला! माझ्या तोंडून निघून गेलं, "सायेब, मग तुमच्याकडं निम्मा हिसका मातीच खाती. गाडीला काय कळणार हिसका काय असतोय?" इंजिनियर लाजले, पण भला माणूस, वहीत लिहून घेतलं. गाडी ओल्या मातीवर घडवली होती आणि आम्ही ती कोरड्या ठणक जमिनीवर पळवत होतो. मागची स्प्रिंग कडक, शॉकअप ताठ. भावजींनी त्याच दिवशी मागची स्प्रिंग सैल केली, पुढच्या चाकाच्या चिमट्यातलं तेल बदलून पातळ घातलं.

शेवटच्या शर्यतीत आमची पिवळी तिसरी आली. पहिली नाही हो, तिसरी! पण चार नंबरला तिनं जो एकच धप्प केला, तो ऐकून मी आणि सुमन एकमेकींच्या गळ्यात पडून अशा नाचलो की छावणीवाल्यांना वाटलं, टँकर आला. डीलर पुढं होऊन भावजींच्या पाठीवर हात ठेवायला लागला, तर ते म्हणाले, "थांबा, आदी माज्या वैनीची चप्पल हुडकू द्या." पुढं इंजिनियरांचं कार्ड आलं. अर्ध्या मैदानाला पाणी मारायचं आम्ही बंद केलं आहे, एवढंच त्यात लिहिलं होतं. पुढंही त्या कंपनीच्या गाड्या पहिल्या आल्याचं काही मी ऐकलं नाही, पण शेवटच्या यायच्या थांबल्या.

तेराव्यानंतर सुमननं मला गॅरेजात नेलं. ऑइलचा वास तसाच. फळीवर त्या पाच नमुना बाटल्या, पुसून ठेवलेल्या. म्हणाली, "यातलं काय न्यायचं ते न्या, जाऊबाई." मी चौथी उचलली. आत दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक माझी खरी. दुसरी माझी खोटी. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती त्यांनी फाडून टाकली. घडी तशीच होती. कडेला माझ्या बोटाची काळी माती.

आता ती बाटली माझ्या फोनशेजारी असते. सुमन रोज दुपारी फोन करते आणि विचारते, "जेवलात का?" काल मी म्हणाले, "हो गं, केव्हाच." म्हणताना नजर बाटलीवर गेली…

"न्हाई गं सुमन," म्हटलं, "सकाळपासून नुसत्या चहावर हाय. तू जेवलीस?"

तिकडून कपबशी सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी बी न्हाई."

"मग ये," म्हटलं, "भाकरी टाकते."