आईनं शिकवलेला भागाकार

गेल्या रविवारी ताडकळसला माहेरी गेले होते. धाकट्या भावाच्या लेकीला, समूला बघायला... तिसरीत आहे. आजारपणामुळे डॉक्टरांनी वर्षभर शाळेत पाठवू नका म्हणून सांगितलंय.

जेवणं झाल्यावर सविता, भावाची बायको, हळूच जवळ येऊन बसली. "ताई, तुमी गणिताच्या मॅडम. खरं सांगा... मी दहावी नापास. मला जमंल का हिला घरी शिकवणं?"

मी काही बोलायच्या आत आई बोलली. शेंगा फोडत होती, मानही वर केली नाही. "न्हाई जमत, माय. त्याला शिकल्यालंच माणूस लागतंय. आपून भलतंच सांगतो, अन् लेकराला चारचौघांत हसतेत."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता... म्हणूनच मला कसंतरी झालं. कारण ते बोलणं मुळात माझं होतं.

मी चौथीत होते. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं तो हिवाळा. शाळा गावात, आमची वस्ती गावाबाहेर, आणि गावात तणाव. वस्तीतली लेकरं त्या रस्त्यानं पाठवायला कुणी धजेना. जवळजवळ दोन महिने मी घरीच.

वडील पूर्णेला रेल्वेत गँगमन होते, दिवसभर ड्युटीवर. आई कधी शाळेत गेली नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात, रानातून खुरपून आल्यावर हातपाय धुतले आणि पाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "वाच."

मी वाचायचे. मग म्हणायची, "आता मला समजंल असं सांग." मी घाईघाईनं काहीतरी ठोकून दिलं की तिला बरोबर कळायचं. "तुलाच कळलं न्हाई ते. परत वाच." धडा तिला येत नव्हता, पण माझा आवाज तिला पाठ होता.

गाडी अडली ती भागाकारात. सदतीस भागिले पाच... बाकी म्हणजे काय ते मला कळेना. आई म्हणाली, "सदतीस पाती हायत अन् आमी पाचजणी बाया." पात म्हणजे खुरपताना एकीनं धरायची ओळ. प्रत्येकीला सात-सात आल्या. मी म्हटलं, दोन उरल्या.

आई हसलीच. "उरतेत कशा? दोन पाती काय रानात सोडून यायच्या? पाचजणी मिळून काढतोत की."

मला पटलं. इतकं पटलं, की शाळा सुरू झाल्यावर चाचणीत मी पाचही भागाकारांत बाकी शून्य लिहून आले.

गुरुजींनी माझी वही वर धरली. "कुणी शिकवलं गं हे?" मी म्हटलं, आईनं. "किती शिकली तुझी आई?" मी खरं सांगितलं... आणि सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. वाईट माणूस नव्हते ते, पण हसले.

घरी आले तर आई दारातच उभी. जणू तिचाच निकाल होता. "काय म्हणले गुरुजी?" मी दप्तर फेकलं. "तुला काय येतंय? भलतंच शिकवलंस. सगळे हसले मला. आता अभ्यासाला माझ्याजवळ बसू नको. ऊठ!"

"बरं," एवढंच म्हणाली ती. आणि उठली.

पुन्हा कधीच बसली नाही. मी पुस्तक उघडलं की ती हातातलं काम घेऊन अंगणात जायची. शेजारणी आल्या की त्यांना दटावायची, "हळू बोला गं, पोरगी अभ्यास करायलीय."

सहावीत अपूर्णांक आले. उरलेल्या दोनाचेही पाच वाटे करता येतात... सात पूर्णांक दोन पंचमांश. माझी पेन्सिल थांबली. गुरुजींचं उत्तर चौथीपुरतं बरोबरच होतं, पण आईचं त्याच्या पुढचं होतं. तिला ते पाटीवर मांडता येत नव्हतं, एवढंच.

त्याच दिवशी घरी जाऊन सांगायला हवं होतं. लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं... मग दहावी, कॉलेज, बीएड, परभणीत नोकरी. आज मी वर्गात पोरांना म्हणते, "मला समजेल असं सांग." एका ट्रेनिंगमध्ये या पद्धतीचं फार कौतुक झालं. कुठून शिकलात म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, अनुभवातून. आईचं नाव तिथंही घेतलं नाही.

रविवारी मात्र सगळं सांगितलं. सवितासमोर, समूसमोर. तुझं बरोबर होतं गं आई, चूक मी केली... बोलता बोलता मलाच रडू आलं.

आईनं शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "मला वाटलं, मी लेकराचं नुकसान केलं. म्हणून लांब राह्यले." मग समूला जवळ ओढून म्हणाली, "तुझी माय शिकवील तुला. चुकली तर सांग तिला. पर ऊठ म्हणू नको."

मी म्हटलं, आई, तूपण बसत जा त्यांच्याजवळ. "आता न्हाई, बाई," म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

सविताला जमेल. अडलं तर मी आहे, फोन आहे... तिची मला काळजी नाही. मी शिकत होते तितकी सगळी वर्षं माझी आई अंगणात बसून राहिली, आणि मला वाटायचं, तिला बाहेर बसायला आवडतं.