सुटले आणि सुट्टी

आयुष्यात गाढवपणा मी भरपूर केला, पण पगार घेऊन केलेला सगळ्यात मोठा गाढवपणा एका शब्दाचा होता.

कोरोनाची दुसरी लाट. गोंदियातलं कोविड सेंटर. गुडघे दुखतात म्हणून मला वॉर्डातून काढून हेल्प डेस्कला बसवलं होतं. हेल्प डेस्क म्हणजे एक टेबल, एक फोन आणि मी. पेशंटच्या घरी फोन करून खबर द्यायची. चांगल्या खबरी कमीच असायच्या.

सेंटरच्या डॉक्टर सरांनी ट्रेनिंग दिलं होतं. "सिस्टर, फोनवर मेला, वारला असं म्हणायचं नाही. लोक पॅनिक होतात. टोन सॉफ्ट ठेवा."

मी तर आधीच सॉफ्ट. जन्म कामठ्याचा, घरात झाडीबोली, पण टेबलावर बसले की पुस्तकासारखी बोलायची. तेव्हाची ती मी आज समोर आली, तर कान धरून उठाबशा काढायला लावीन. दुखू देत गुडघे.

एका सकाळी बोदलकसा तलावाकडचे मासे धरणारे एक काका वारले. घरी बायको एकटी. मी फोन लावला, आवाजात मध कालवला.

"मावशी, काका सगळ्या त्रासातून सुटले हो."

"सुटले? बरं झालं माय. कपडे घेऊन येऊ काय?"

काय धीराची बाई, मी मनात म्हटलं. मेलेल्या माणसावर घालायला नवा कपडा घरून आणतात, तेच विचारतेय असं वाटलं.

"आणा. सावकाश या, मावशी."

शववाहिनी एकच. आली की असेल त्याला घेऊन जायची, नातेवाइकांसाठी थांबायची नाही. हे मला माहीत होतं. पण सॉफ्ट टोनमध्ये 'धावत या' कुठं बसतं?

दुपार कलल्यावर मावशी आल्या. पिशवीत धुतलेला सदरा, धोतर आणि चपला. मेलेल्याला चपला कोण आणतं?

"कोठी हायेत ते? सुट्टी झाली ना?"

आमच्याकडे डिस्चार्जला सुट्टी म्हणतात. माझं 'सुटले' त्यांनी तसंच ऐकलं होतं.

"मावशी, काका मेले," मी म्हणाले. शब्द अखेर निघाला, पण गाडी निघून गेल्यावर.

सरांकडे गेले. "घाटावर फोन करा. तोंड तरी पाहू द्या त्यांना."

"सिस्टर, तिथं रांग लागलीय. एकासाठी कोण थांबणार?"

मीच फोन लावला. अग्नी देऊन झाला होता. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "काळजी करू नका. तुमची भाषा योग्य होती. तक्रार आली तरी टिकणार नाही." शाबासकीच म्हणायची.

तेव्हापासून मी मेल्याला मेला म्हणते. नातवंडं म्हणतात, आजी फार तोडून बोलते. बोलते. खरं ट्रेनिंग मला त्या मावशींनी दिलं, बाकड्यावर बसून, पिशवी मांडीवर धरून:

"मेले म्हणून सांगाचं होतं ना बाई. मी सदरा धूत नसती बसली."