वाणात वाटलेला पॉडकास्ट

माझ्या बायकोने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पॉडकास्ट वाटला. हे मी ज्याला ज्याला सांगितलं, तो आधी हसला आणि मग माझ्याकडे दयेने बघायला लागला. दया कसली करता? हिच्यासारखं डोकं तुमच्या घरात नाही, एवढंच.

शाळेतून निवृत्त झाल्यावर हिला घरी बसवेना, म्हणून ही कामकरी बायकांच्या मुलाखती घ्यायला लागली. एसटीतली कंडक्टर, पिठाची गिरणी चालवणारी, सरकारी दवाखान्यातली नर्स. रस्त्यावरचे हॉर्न येऊ नयेत म्हणून प्रस्तावना कपाटात साड्यांमध्ये तोंड खुपसून बोलायची. भाग झकास व्हायचे, पण ऐकायला कुणी नव्हतं. भाचीने रील्स करून दिल्या, सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली. लोकांनी न ऐकताच अंगठे पाठवले. असल्या अंगठ्यांची मला भयंकर चीड आहे.

ही सायखेड्याची लेक, वर्ष द्राक्षांवरच मोजते. म्हणाली, "यंदाचा हंगाम संपेपर्यंत बघते. तोवर कुणी ऐकलं नाही तर बंद करीन. भिंतीशी बोलायला एवढा खटाटोप कशाला?" हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

मग तिने स्टीलच्या वाट्या आणल्या आणि प्रत्येक वाटीच्या बुडाला पॉडकास्टच्या क्यूआर कोडचा स्टिकर चिकटवला. आता आपल्याकडे क्यूआर कोड दिसला की माणूस काय करतो? समोरच्या वहिनींनी पैसे भरायचं अ‍ॅप उघडलं आणि भर हळदीकुंकवात विचारलं, "वाटीचे किती द्यायचे हो?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "माझं तर पेमेंटच होत नाहीये." यांच्याकडे वाणाचे पैसे घेतात, ही बातमी संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झाली. हिच्या जागी मी असतो तर दार लावून बसलो असतो. ही मात्र हातात करंडा घेऊन एकेकीला समजावत होती आणि मनापासून हसत होती.

एवढं होऊन अ‍ॅपवर एकच नवा श्रोता दिसला. तोही घरचाच, म्हणजे सायखेड्याहून आलेली हिची भावजय. हंगाम संपत आला तरी आकडा ढिम्म हलला नाही. एके सकाळी हिने माइक पुसून खोक्यात भरला. मी चहा टाकला.

चहा उकळतोय तोच भावजयीचा फोन आला. "ताई, इकडं या बरं तुम्ही. बागेतल्या बाया तुमचा भाग लावल्याबिगर कात्री हातात घेत नायत!"

आम्ही तसेच निघालो. सुरगाण्याकडच्या डोंगरातून द्राक्षाच्या कामाला आलेली बायकांची टोळी भावजयीच्या बागेत काढणी करत होती. मांडवाच्या तारेला एक लहानसा स्पीकर टांगला होता आणि त्यातून हिचा, माझ्या बायकोचा आवाज अख्ख्या बागेत घुमत होता. फोन भावजयीचा एकटीचा, त्यामुळे अ‍ॅपच्या लेखी ऐकणारी एकच. प्रत्यक्षात सगळी टोळी कान देऊन ऐकत होती, आणि कंडक्टरबाईने दारुड्याला गाडीतून उतरवलं ते बरं केलं की नाही, यावर दोघींचं चांगलंच जुंपलं होतं.

मी हळूच सुचवलं, "प्रत्येकीच्या मोबाईलवर चालू करून दे की. आकडा वाढेल."

"यांचं नेट कशाला जाळायचं?" ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

टोळीतली एक थोराड बाई जवळ आली. "तूच का ती बोलणारी? आमचं काम सरलं, उद्या गावाला चाललो. तिथं रेंज नाय. समदं ह्या मोबाईलात भरून दे."

हिने बांधावर बसून एकूण एक भाग त्या मोबाईलमध्ये भरले. ते डोंगरात किती जणी ऐकतील, हे कुठल्याच अ‍ॅपला कधी कळणार नव्हतं. तरी हिचा चेहरा असा फुलला होता, की लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"आन नवीन निघालं मंग?" बाईने विचारलं.

"आणून देईन," ही म्हणाली. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला रागच आला. सुरगाण्याचा तो घाट, ती वळणं, आणि गाडी चालवणार कोण, तर मी. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. पण ती बाई माझ्याकडे बघतच नव्हती. मोबाईल पदरात गुंडाळत ती हिला पुन्हा पुन्हा विचारत होती, "नक्की येशील ना गं?"

"येऊ," मीच म्हणालो. "गावाचं नाव सांगा."