ललिता होले दर्यात उतरली

ललिता होलेनं पस्तिशी ओलांडेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, पण वल्हं तिच्या हाताला लग्नापासून ठाऊक होतं. मोर्शीकडच्या मोठ्या धरणाच्या फुगवट्याला लागून तिचं सासर. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी हटू लागलं की उघड्या पडलेल्या गाळावर होले मंडळी टरबुजं नि डांगरं लावायची. तिथं जायला मधलं पाणी ओलांडावं लागे. नवरा चंदन पाण्याला भ्यायचा, म्हणून तो सडकेनं लांबचा वळसा घालून मोटारसायकलीवर यायचा. ललिता मात्र डोंग्यात टोपल्या टाकून सरळ निघायची नि त्याच्या आधी पोचायची.

एका रविवारी तिच्या डोंग्याशेजारून बरबटीच्या शेंगेसारखी एक लांबुळकी लाल होडी सपकन पुढं गेली. ललितानं पदर खोचला नि जोरात वल्हं मारायला लागली. होडी लांबच गेली, पण आतल्या माणसानं मागं वळून पाहिलं आणि तो थांबला. तो कुलदीप, अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा.

"ताई, तुम्ही माझ्याशी शर्यत लावली होती काय?"

"लावली होती," ललिता धापा टाकत म्हणाली. "पण तुमची होडी हलकी हाय. मले देऊन पाहा, मंग सांगतो."

त्यानं दिली. ती बसली आणि दुसऱ्याच क्षणाला होडी उलटली. लुगड्यासकट गाळात उभी राहून तिनं तोंडावरचं पाणी निपटलं नि विचारलं, "पुन्हा देता काय?"

त्या दिवशी ती चारदा पडली. पाचव्यांदा मात्र ती कयाक, कुलदीप त्या होडीला असंच म्हणायचा, तिच्याखाली नीट तरंगली, आणि तिच्या पोटात असा काही आनंद उसळला की टरबुजं तोडायची राहूनच गेली.

कुलदीपचा एक गट होता. अमरावतीचे काही, अकोल्याचे काही. त्यांनी स्वतःला 'पाणकोंबडे' असं नाव दिलं होतं. त्यात अकोल्याच्या दवाखान्यातली नर्स रूपाली होती, नोकरीतून मोकळे झालेले चंद्रभानकाका होते. दर रविवारी ही मंडळी गाडीच्या टपावर कयाक बांधून धरणावर यायची. आता ललिताही त्यांच्यात आली. जॅकेट कसं आवळायचं, उलटल्यावर घाबरं न होता बाहेर कसं निघायचं, दुसऱ्याची कयाक धरून पुन्हा आत कसं चढायचं, हे ती शिकली. लुगड्याची जागा सलवारीनं घेतली. सासू पार्बताबाईनं त्यावर बोलायचं ते बोलून घेतलं. मग कुलदीपनं समुद्रावर जायचा बेत काढला, तेव्हा तर तिनं जेवणाचं ताटच बाजूला सारलं.

"काहून जातं व तिकडं? समिंदर का आपलं धरण हाय? लाटेनं नेलं तं कोणाले इचारू?"

 ललिताला जायचं होतं, इतकं जायचं होतं की हातातली भाकर थापताना चिरत होती. चंदननं आईचं ताट पुन्हा तिच्यापुढं सरकवलं. मग म्हणाला, "जाऊ दे तिले, आई. ती पाण्यावर गेली की घरी हसत येते."

जानेवारीत पाणकोंबडे निघाले. वाटेत बाळापूरच्या पुढं एका ढाब्यावर लोक गाडीभोवती जमले. टपावरच्या त्या लांब वस्तू पाहून एकानं विचारलं, "कायचे पाइप हायेत हे?" चंद्रभानकाका चहा फुंकत गंभीरपणे म्हणाले, "ठिबकचे." माणूस मान हलवून गेला. गाडीत पुढं कितीतरी वेळ कोणाचंच हसू थांबत नव्हतं.

हर्णैच्या किनाऱ्यावर ललितानं पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा ती नुसती उभी राहिली. मग खाली बसली, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं. तिचं माहेर भातकुलीकडचं, तिथलं पाणी मूळचंच खारं.

"आमच्या विहिरीचंच पाणी हाय," ती रूपालीला म्हणाली. "थोडं जास्त मुरलेलं."

सकाळी वारा जमिनीकडून होता, समुद्र शांत. किनारा डाव्या हाताला ठेवून ते दक्षिणेला निघाले. धरणाचं पाणी सपाट असतं. इथं मात्र पाणी खालून श्वास घ्यायचं. लाट कयाकीला उचलायची, वर नेऊन क्षणभर सगळा किनारा दाखवायची, माडांची रांग, कौलं, मागचे डोंगर, आणि अलगद खाली सोडायची. ललिताला वाटलं, आपण झोपाळ्यावर बसलोय आणि झोपाळा कोणी बांधलाच नाही. कर्दे गावाच्या समोर पाण्यातून काळी चकचकीत पाठ वर आली. मग दुसरी. डॉल्फिन तिच्या वल्ह्याच्या टप्प्यात येऊन फुसकारले नि खाली गेले.  ती कुलदीपला बोटानं दाखवत राहिली.

दुपारून वारा फिरला. मागून, उजव्या अंगानं लाटा चढायला लागल्या. त्यांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला. रूपालीचा चेहरा उतरला. तिला मळमळत होतं, वल्हं मांडीवर टाकून ती खाली पाण्याकडं बघत बसली होती, आणि तिची कयाक आडवी होऊन डुलत होती. कुलदीप पुढं होता. ललितानं शिट्टी मारली आणि वळली.

भीती तिलाही वाटत होती. वळताना एक लाट कुशीवर आदळली, तेव्हा तिनं वल्हं पाण्यावर दाबून तोल सावरला. पण धरणावर हे त्यांनी कितीदा घोटलं होतं. तिनं आपली कयाक रूपालीच्या कयाकीला भिडवली, तिच्यावर ओणवी झाली नि दोन्ही हातांनी गच्च धरलं. दोन होड्यांची मिळून एक रुंद होडी झाली. डुलणं कमी झालं.

"रूपालीताई, खाली नोका पाहू. त्या डोंगराकडं पाहा."

"मी पडते, ललिता."

"म्या धरलं हाय. पडाल तं दोघी पडू."

कुलदीप आला, त्यानं रस्सी अडकवली आणि ओढायला लागला. चंद्रभानकाका बाजूला राहून येणाऱ्या लाटेची वर्दी देऊ लागले. रूपालीचं लक्ष दुसरीकडं लागावं म्हणून ललिता बोलत सुटली. लग्नानंतर पहिल्यांदा डोंग्यात बसलेला चंदन काठाशीच कसा पाण्यात पडला, "बुडालो, बुडालो" म्हणून कसा ओरडला, आणि तिनं त्याला उभं केलं तर पाणी गुडघ्याएवढं कसं निघालं, ते सगळं तिनं साग्रसंगीत सांगितलं. रूपाली खदखदून हसली आणि हसता हसता ललिताच्या हातावर ओकली.

"झालं?" ललिता म्हणाली. "आता बरं वाटन."

खरंच बरं वाटलं. लाडघरच्या वाळूजवळ पोचेस्तोवर रूपालीनं वल्हं पुन्हा हातात घेतलं होतं.

एकेक जण लाटेमागं किनाऱ्याला लागला. ललिता शेवटी राहिली. कुलदीपनं वाळूवरून हात उंचावून थांबायची खूण केली, पण तिला लाट आवडली. तिनं वल्हं मारलं. लाटेनं कयाक उचलली आणि फेकलीच. असा वेग तिनं मोटारसायकलवरही अनुभवला नव्हता. मग नाक वळलं, आभाळ खाली आलं, पाणी वर गेलं, नाकातोंडात वाळू. ती उठली तेव्हा एका पायातली चप्पल गेली होती नि केसांत शेवाळ अडकलं होतं. धावत आलेल्या कुलदीपला तिनं हात केला.

"सर, आणखीन एकदा जाऊ काय?"

दुसऱ्या दिवशी कोळथऱ्यापर्यंत गेले, रूपालीही पूर्ण वेळ वल्हवत. त्यानंतर ललिता दर हिवाळ्यात समुद्रावर जाते. गावाकडं मात्र वेगळंच सुरू झालं. गाळपेरीवर काम करणाऱ्या बायका तिला चिडवायच्या, मग विचारायला लागल्या. कुलदीपनं दोन जुन्या कयाका तिच्याकडं ठेवल्या. आता रविवारी पाणकोंबड्यांसोबत गावच्या पाच-सहा जणीही पाण्यात असतात.

मागच्या महिन्यात शेजारची माणिकबाई पहिल्यांदा बसली. जॅकेट गळ्यापर्यंत चढलेलं, वल्हं उलटं धरलेलं. ती गोल गोल फिरत मागं मागं सरकायला लागली. ललिता कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हसत होती.

"अवं, हे तं मांगं जाऊन राह्यलं," माणिकबाई म्हणाली.

"जाऊ द्या," ललिता म्हणाली. "पाणी लय हाय."