सात पालथे पेले

हातमोज्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे 'नकारघंटा' म्हणत, आणि तेही तोंडावर. एकोणीस वर्षे त्यांनी प्रत्येक मोज्यात स्वतःचा हात घालून पाहिला होता. अंगठ्याची शिवण केसभर सरकलेली दिसली, की मोजा बाजूला. घरीही फारसे वेगळे नव्हते. लेक म्हणे, "आईला विचारायचं म्हणजे 'नाही' ऐकायची तयारी ठेवूनच जायचं." बाई हसून सोडून देत.

पण मंगळवारी त्यांनी अख्खा एक गठ्ठा नाकारला आणि साहेबांचा संयम सुटला. दुसऱ्या दिवशी बाईंना तपासणीवरून उठवून पॅकिंगला बसवण्याचा कागद तयार झाला. सही तेवढी जेवणाच्या सुट्टीनंतर व्हायची होती. तो कागद साहेबांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता आणि तो कशाचा आहे, हे जेवणाच्या खोलीत सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे कोणी फारसे बोलत नव्हते.

ती शांतता साहेबांनाच सोसवेना. त्यांनी टेबल पुसून घेतले आणि पाण्याचे सात पेले ओळीने पालथे मांडले.

"दर खेपेला बरोबर दोन पेले उलटवायचे. एक नाही, तीन नाही, दोनच. आधी उलटवलेला पुन्हा उलटवला तरी चालेल. शेवटी सातही सुलटे उभे राहिले पाहिजेत. कॉलेजात असताना मी हे चुटकीसरशी केलं होतं."

शिवणयंत्रावर बसणाऱ्या 'रेडिओ'ने बाह्या वर सरकवल्या. ती झोपेतही बोलते, असा तिच्या नवऱ्याचा दावा होता. पहिल्या तीन खेपा तिने धडाधड मारल्या. सहा पेले सुलटे झाले. सातवा तसाच पालथा.

"आता एवढा एक आला की झालं," ती म्हणाली, आणि तो एक आणायला गेली तर दुसरा पालथा पडला.

"सरक. हाताला घाई फार तुझ्या," पॅकिंगमधले आजोबा पुढे झाले. त्यांनी एकेक पेला तपकिरीची डबी उघडावी तसा सावकाश उचलला. नऊ खेपा झाल्या. एक पेला पालथाच राहिला.

"आजोबा, तुमच्या हाताला घाई नाही, पण अक्कल तरी कुठे आहे?" रेडिओ म्हणाली.

"तुझ्याकडून उसनी घेणार होतो. पाहिलं तर तिथेही खडखडाट."

मग मात्र खोलीला चेव आला. बाकावरची माणसे उठून टेबलाभोवती दाटली. कोणी डावीकडून सुरुवात करा म्हणे, कोणी मधला पेला हा कळीचा म्हणे. डबा विसळत उभ्या असलेल्या बाई केव्हा जवळ आल्या, ते त्यांचे त्यांनाही कळले नाही. ओल्या हातांनी डबा छातीशी धरून त्या पाहत होत्या. कोणीही खेळो, कसाही खेळो, कधी एक पालथा उरे, कधी तीन, कधी पाच. दोन किंवा चार एकदाही नाही.

जोडीदार हरवलेल्या मोज्याला कारखान्यात 'विधुर' म्हणत. दिवसअखेर टेबलावर एखादा विधुर उरला, की गठ्ठ्यात कुठेतरी चूक आहे हे बाई न मोजता सांगत. तोच विधुर आता पेल्याच्या रूपाने समोर बसला होता.

उत्तर जिभेवर आले आणि बाई थबकल्या. आजच्या दिवशी, त्या कागदासमोर, पुन्हा एकदा नाही म्हणायचे? पण खरे उत्तर तेच होते, आणि ते गिळणे त्यांना जमेना.

"हे होणार नाही," त्या म्हणाल्या.

हशा उसळला. रेडिओ म्हणाली, "वाजली घंटा."

साहेबही हसले. "बाई, आपल्याला न जमणं वेगळं आणि न होणं वेगळं."

"तोच फरक सांगते आहे, साहेब." बाईंनी डबा खाली ठेवला. "पालथे सात. म्हणजे तीन जोड्या आणि एक विधुर. दोन पालथे उचलले, तर एक जोडी गेली, विधुर तिथेच. दोन सुलटे पालथे केले, तर एक जोडी वाढली, विधुर तिथेच. एक असा नि एक तसा उलटवला, तर गेला एक आला एक. जोडीने काम करून विधुर हलणार कसा? वर्षभर उलटवत बसा."

आजोबांनी ओठ हलवत दोन खेपा करून पाहिल्या आणि मान डोलावली.

"अहो, पण मी केलं होतं ना," साहेब म्हणाले. त्यांचे कान तांबडे झाले होते. "मग ते काय होतं?"

बाईंनाही तेच जाणून घ्यायचे होते. त्यांनी सातही पेले पुन्हा पालथे घातले आणि पेल्यांच्या ओळीकडे टक लावून पाहिले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"तेव्हा दर खेपेला तीन उलटवत होता का?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कडेचा पेला आणि एक जोडी उलटवली. पुन्हा तोच कडेचा पेला आणि नवी जोडी. तिसऱ्यांदाही तोच, आणि उरलेली जोडी. सातही पेले सुलटे उभे होते. लोकांनी टेबल बडवले, रेडिओने बाईंना मिठीच मारली.

"तीनच," साहेब हळूच म्हणाले. "तीनच होते. नियम मी चुकीचा सांगितला." मग ते बाईंकडे वळले. "बाई, मंगळवारचा माल तुम्ही का नाकारलात?"

एकोणीस वर्षांत किती नाकारले, हे सगळ्यांनी विचारले होते. का, हे कोणी विचारले नव्हते. बाई जवळजवळ धावतच गेल्या, त्या गठ्ठ्यातला एक मोजा घेऊन आल्या आणि साहेबांच्या उजव्या हातात चढवला.

"मूठ वळा."

साहेबांनी वळली. अंगठा निम्म्यावर येऊन अडला. त्यांनी जोर केला तसे टाके ताणून पांढरे दिसू लागले.

"अंगठ्याचा तुकडा उलटा बसलाय," बाई म्हणाल्या. "सगळ्या गठ्ठ्यात."

साहेबांनी मोजा घातलेल्या हातानेच खिशातला कागद काढायचा प्रयत्न केला. तो निघेना, तेव्हा रेडिओने ओढून काढला.

"याचं काय करू, साहेब?"

"मागची बाजू कोरी आहे ना? तिथे लिही, मंगळवारचा माल परत शिवायला. कुठली शिवण उसवायची, ते बाईंना विचारून लिही."