टपालाशिवाय उघडलेली यादी

नाना गेल्यानंतर तीन महिन्यांनी मी धुळ्याला गेलो, तेव्हा वहिनींनी उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. नानाच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क होती ती. कॉम्प्युटर स्वतः जळाला होता. दुरुस्तीवाल्याने त्याची आशा सोडून फक्त डिस्क काढून दिली होती.

"यात त्यांचे शब्द आहेत," वहिनी म्हणाल्या. "वर्षश्राद्धाला पुस्तिका वाटायची आहे. मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. लोक ताटं-वाट्या वाटतात, आपण शब्द वाटू. तुम्ही मराठीचे मास्तर, तुम्हीच करा."

मी हो म्हणालो. त्या घरात बसून नाही म्हणणं शक्य नव्हतं.

नाना माझा थोरला भाऊ. धुळ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तो सहायक होता. आमचं गाव गिरणेच्या काठी, भडगावपासून जवळ. घरात सगळे अहिराणी बोलत. मी शिकून जळगावला मराठी शिकवू लागलो आणि वर्गात प्रमाण बोलता बोलता घरीही तसंच बोलू लागलो. नानाचं तसं झालं नाही. तो बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात शब्द ऐकायचा, हातात असेल त्या कागदावर टिपायचा आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर चढवायचा. त्यासाठी त्याने स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. लिनक्स तो फार आधीपासून वापरत होता. माझ्या घरच्या मशीनवरही त्यानेच ते टाकून दिलं होतं. "फुकट शे म्हणून नही," तो म्हणाला होता, "उघडीसन दखता येस म्हणून." फुकट आहे म्हणून नाही, उघडून पाहता येतं म्हणून.

दर रविवारी सकाळी त्या आठवड्याचे शब्द मला मेलने यायचे. तो प्रोग्रामच ते पाठवायचा. त्या मेलचं मी काय केलं, ते पुढे सांगावंच लागेल.

जळगावला परत आल्यावर डिस्क माझ्या मशीनला जोडली. शब्दांची फाइल सापडली, पण ती नानाच्या प्रोग्रामखेरीज कशातही उघडत नव्हती. उघडली तर नुसती चौकोनी खोकी दिसायची. प्रोग्रामचं पॅकेजही त्याच फोल्डरमध्ये होतं. ते बसवायचं आणि यादी उघडायची, एवढंच काम. तासाभराचं असेल असं मी धरलं होतं. त्यात वैशाखाचे दहा-बारा दिवस गेले.

प्रत्येक पॅकेजच्या आत एक चिठ्ठी असते. मला चालायचं तर आणखी अमुक अमुक प्रोग्राम या मशीनवर हवेत, असं तीत लिहिलेलं असतं. याला डिपेंडन्सी म्हणतात. चिठ्ठीतली प्रत्येक गोष्ट मिळाल्याशिवाय लिनक्स पॅकेज बसवून घेत नाही. नानाच्या चिठ्ठीत टपाल पाठवणारा एक प्रोग्राम होता. मला तो नको होता. मला कुणालाही काही पाठवायचं नव्हतं, फक्त यादी वाचायची होती. पण तो घेतल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि तो घ्यायला गेलो तर त्याच्या मागून त्याचे सोबती. शेवटी एक निळा पडदा आला आणि प्रश्न सुरू झाले. या मशीनचं टपालातलं नाव काय? टपाल बाहेर पाठवायचं की घरातल्या घरात ठेवायचं? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. असले प्रश्न आले की मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. नानाला फोन लावायला हात पुढे केला. मग हात मागे घेतला आणि पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी जबरदस्ती करून पाहिली. चिठ्ठीकडे दुर्लक्ष करून पॅकेज बसव, असं सांगणारी एक आज्ञा असते. पॅकेज बसलं. पण त्यानंतर सगळी यंत्रणा फुगून बसली. मराठीचा एक फॉन्ट घ्यायला गेलो तर तोही मिळेना. आधी मोडलेलं दुरुस्त करा, म्हणे. दुरुस्तीची आज्ञाही तिनेच सुचवली. मी ती दिली. खाली इंग्रजीत दोन ओळी आल्या, पुढे हो की नाही असा प्रश्न. जन्मभर मुलांना प्रश्न नीट वाचून उत्तरं लिहा असं सांगितलेला मी, दुरुस्ती हा शब्द पाहून हो म्हणून मोकळा झालो. दुरुस्ती म्हणजे नानाचा प्रोग्राम काढून टाकणं होतं. यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. ज्याची गरज भागत नाही तो गेला, की बाकीचं सुरळीत चालतं. माणसांच्या बाबतीत मी हे पाहिलेलं आहे, पण तिथे निदान आधी विचारत नाहीत.

पॅकेजची फाइल डिस्कवर होती म्हणून निभावलं. तरी त्या दिवशी पुन्हा बसायचा धीर झाला नाही.

तिसरी वाट एका जुन्या चर्चेच्या पानावर मिळाली. नको असलेलं पॅकेज घ्यायचं नसेल, तर त्याच्या नावाचं एक रिकामं पॅकेज स्वतः तयार करता येतं. आत काही नसतं. फक्त वर लिहिलेलं असतं की टपाल पाठवण्याचं काम मी बघतो. यंत्रणा आत डोकावून पाहत नाही. नाव आहे ना, मग झालं. त्यासाठी चार-पाच ओळींची फाइल लिहावी लागते: नाव, आवृत्ती, मी कुणाच्या जागी उभा आहे ते, आणि शेवटी वर्णन. वर्णनाच्या ओळीपाशी मी बराच वेळ अडलो. लोक काय लिहितात ते पाहिलं, मग मराठीतच लिहिलं, 'जागा भरण्यापुरते. काही करत नाही.' यंत्रणेने काही हरकत घेतली नाही. रिकामं पॅकेज बसलं, त्याच्यामागून नानाचा प्रोग्राम बसला, आणि फॉन्टही मिळाला.

मी यादी उघडली. एकेचाळीस शब्द होते.

फाइल खराब झाली असेल असं वाटून मी ती बंद केली, पुन्हा उघडली. एकेचाळीसच. नाना नुसता बोलतानाही आठवड्याला वीस-पंचवीस शब्द सांगायचा, आणि हे सहा-सात वर्षं चाललेलं. मग त्याच फोल्डरमध्ये त्याने लिहून ठेवलेली सूचनांची फाइल उघडली. नानाला प्रत्येक गोष्टीची सूचना लिहून ठेवायची सवय होती. प्रयोगशाळेत तर गॅसच्या नळीजवळसुद्धा त्याच्या अक्षरातला कागद चिकटवलेला असायचा. त्या फाइलीत लिहिलं होतं: 'प्रोग्राम उघडताच नवे शब्द जळगावला जातील. गेलेले शब्द या यादीतून आपोआप वगळले जातील. एका वस्तूची नोंद दोन रजिस्टरांत ठेवू नये. जळगावचे रजिस्टर हेच खरे धरावे.'

हा प्रयोगशाळेचा नियम होता. एकच तराजू दोन रजिस्टरांत चढल्यामुळे तपासणीत एकदा त्याला फार बोलणी खावी लागली होती. तेव्हापासून वस्तू ज्याच्या ताब्यात, नोंद त्याच्याकडे, दुसरीकडे खोडून टाकायची, असं तो घरातल्या भांड्यांच्या बाबतीतही करायचा. आम्ही हसायचो.

म्हणजे त्याच्याकडे यादी कधी नव्हतीच. यादी माझ्याकडे होती. उरलेले एकेचाळीस त्याच्या आजारपणातले; दवाखान्याच्या धावपळीत वहिनींनी घरचं इंटरनेट बंद केलं होतं, म्हणून ते जायचे राहिले. मी निळ्या पडद्यावरच्या प्रश्नांना बरोबर उत्तरं दिली असती, तर तेही पहिल्या उघडण्यातच निघून गेले असते. मला उत्तरं येत नव्हती, एवढ्यावर ते वाचले.

आता माझ्याकडच्या यादीबद्दल. नानाची पहिली मेल आली, तेव्हा तीत आठ शब्द आणि वर चार ओळींचं पत्र होतं. 'चावळनं' म्हणजे बोलणे, 'मव्हरे' म्हणजे पुढे, 'आंडेर' म्हणजे मुलगी. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्याच्या अर्थांमधलं शुद्धलेखन लाल अक्षरांत सुधारून मेल परत पाठवली. पेपर तपासतात तशी. त्यानंतरच्या मेलमध्ये पत्र नसायचं. शब्द आणि अर्थ, बस. काही दिवसांनी मी त्याच्या मेल आपोआप एका वेगळ्या कप्प्यात जाव्यात अशी सोय केली. निवृत्तीनंतर सावकाश वाचू, असं स्वतःला सांगितलं. माझा मेलचा पत्ता मी शिकवायचो त्या कॉलेजचा होता. मागच्या वर्षी मी निवृत्त झालो आणि त्या पत्त्याकडे पुन्हा फिरकलो नाही.

यादी उघडली त्याच दिवशी दुपारी कॉलेजात गेलो. कार्यालयातले लिपिक माझे जुने ओळखीचे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, कॉम्प्युटरवर पाहिलं.

"सर, ते खातं तर साफ झालं."

"कधी?"

"होळीच्या सुमाराला. निवृत्त झालेल्यांची खाती दरवर्षी काढतात. तुम्हाला मेल आली होती की, आधी एक महिना."

"कुठल्या पत्त्यावर?"

ते जरासे हसले. "त्याच पत्त्यावर, सर."

"परत काढता येईल?"

"वर विचारून पाहिलं होतं एकदा, दुसऱ्या एका सरांसाठी. नाही येत. काही महत्त्वाचं होतं का?"

"घरगुती होतं," मी म्हणालो.

होळीला नाना जाऊन दोन महिने झाले होते. म्हणजे तो गेल्यावरही सगळे शब्द दोन महिने माझ्या कप्प्यात पडून होते. त्या काळात मी शोक करत होतो. त्याचे जुने फोटो काढून बसायचो. आपल्या भावाचं काहीच आपल्याकडे उरलं नाही, असं एका स्नेह्याला पत्रातही लिहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला गेलो. वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवली, पण ती कामाला आली नाहीत. वहिनी परातीत कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होत्या. मी ओट्यापाशी उभा राहून सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"किती सापडले म्हणालात?"

"एकेचाळीस."

"आणि बाकीचे?"

"माझ्याकडे होते."

"मग आहेत ना."

"नाहीत, वहिनी. खातं बंद झालं. मी उघडून पाहिलंच नाही."

त्यांनी पिठाचा गोळा झाकून ठेवला, हात धुतले. "ते दर रविवारी आंघोळ करून बसायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, आधी चहा तर घ्या. तर म्हणे, भाऊ वाट दखत व्हई."

त्यांनी पदराला हात पुसले.

"तुम्ही कधी सांगितलं नाही त्यांना, की वाचत नाही म्हणून?"

"तो विचारायचा, पोचलं का. मी म्हणायचो, पोचलं."

"पोचलं तर होतंच," वहिनी म्हणाल्या.

पुस्तिका रद्द करावी असं मी सुचवलं. त्यापेक्षा ताटं वाटू, खर्च मी करतो. वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पुस्तिका निघणार. एकेचाळीस तर एकेचाळीस. आणि शेवटी लिहा, बाकीचे कुठे गेले ते. नाहीतर लोक म्हणतील, एवढी वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून माणसाने एवढंच केलं."

एकेचाळीस शब्दांचं काम दोन दिवसांत झालं. नानाचं शुद्धलेखन मी जसंच्या तसं ठेवलं. शेवटच्या पानावरच्या दोन ओळींना मात्र महिना लागला. पहिल्या मसुद्यात 'तांत्रिक कारणामुळे' असं होतं. दुसऱ्यात 'दुर्दैवाने' होतं. शेवटी लिहिलं, 'नानांनी जमवलेले बाकीचे सर्व शब्द त्यांनी मला पाठवले होते. ते मी हरवले.' प्रूफ धुळ्याला पाठवलं. परत आलं तेव्हा वहिनींनी पेन्सिलीने दोनच शब्द वाढवले होते. 'ते मी न वाचता हरवले.' तसंच छापलं.

वर्षश्राद्धाला गावाकडचे बरेच लोक आले होते. पंगत बसण्याआधी पुस्तिका वाटल्या. आमच्या चुलत्यांपैकी आता एकच आबा उरले आहेत. त्यांनी चष्मा पुसून पुस्तिका पहिल्यापासून वाचायला घेतली, पानं पुढे-मागे केली आणि मला हाक मारली.

"भाऊ, हाई काय? आंडेर नही इठे, चावळनं नही. बठ्ठा शब्द इतलाच शेतस का?"

सगळे शब्द एवढेच का, याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण वहिनी पाण्याचे पेले मांडत तिथेच होत्या.

"शेवटलं पान दखा, आबा," त्या म्हणाल्या.

आबांनी पान उलटलं. ओळीखाली बोट धरून ते मोठ्याने वाचू लागले, जुन्या माणसांना वाचायची सवय असते तसं. शेजारच्यांनी बोलणं थांबवलं. मी तिथेच उभा राहून ते शेवटपर्यंत ऐकलं.