दोन भाकरींची वाट

सरकारने रस्त्यावर मैलांचे दगड रोवले होते, पण आम्ही मळवलीची माणसं वाट भाकरींनीच मोजायचो. वाटेत जितक्यांदा शिदोरी सोडावी लागे, तितकं गाव लांब. बैलगाडीनं पुणं दोन भाकरींवर होतं, आणि तिथं आईचं माहेर. वर्षातून एकदा ती तांदळाच्या गाडीतून जायची. परतताना पदर डोळ्यांना लावून बसायची. तळेगावाजवळच्या आंब्याखाली दुसरी भाकर खाल्ली, की तोंड धुवायची, डोईवरचा पदर सारखा करायची आणि पुन्हा सासरची व्हायची.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या हिवाळ्यात आम्ही खळ्यावर भात झोडत होतो. धुकं विरत असताना कुठूनशी घरघर आली आणि डोंगरामागून एक विमान निघालं, उन्हात बगळ्यासारखं पांढरंशुभ्र. मुंबईहून पुण्याकडे चाललं होतं. वडील कौतुकानं म्हणाले, "माजी तमाकू मळून व्हायच्या आत पुण्यात उतरंल बग!"

विमान दिसेनासं झालं, तरी आई हातातली पेंढी तशीच धरून त्या रिकाम्या आभाळाकडे बघत राहिली.

"इतक्यात पोचायचं?" ती हळूच म्हणाली. "मग येताना बाईनं रडायचं कुटं?"